औषध मेंदूत पोचलंच नाही, मग नापास कोण? रिसेप्टर की गोळी?

लिगँड:
‘पीपीएआर-गॅमा (पेशीच्या केंद्रकात बसून जनुकं चालू-बंद करणारा रिसेप्टर; मधुमेहाच्या ग्लिटाझोन गोळ्या त्यालाच जागवतात) हे अल्झायमरसाठी संपलेलं लक्ष्य’ असं आता सर्रास बोललं जातं. आधार मुख्यतः दोन चाचण्यांचा. रोझिग्लिटाझोनची 24 आठवड्यांची तिसऱ्या टप्प्यातली (2010), आणि पायोग्लिटाझोनची ‘टुमॉरो’, जी परिणाम दिसत नाही म्हणून जानेवारी 2018मध्ये थांबवली. माझं म्हणणं, या न्यूक्लिअर रिसेप्टरची परीक्षा झालेलीच नाही. टुमॉरोमध्ये डोस होता रोज 0.8 मिग्रॅ, मधुमेहात 15 ते 45 मिग्रॅ देतात. 0.8 हा आकडा निवडला फंक्शनल एमआरआयच्या (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) संकेतावरून, मेंदूतल्या औषधाच्या पातळीवरून नव्हे. शिवाय पायोग्लिटाझोन 99 टक्क्यांहून जास्त प्लाझ्मा प्रथिनांना चिकटलेलं असतं. मोकळं उरतं त्यातलंही बरंचसं पी-ग्लायकोप्रोटीन पंप मेंदूच्या दारातूनच परत फेकतो.

कडूकिराईत:
डोस कमी म्हणता, तर पार्किन्सनमध्ये 15 आणि 45 दोन्ही देऊन झाले की! सुरुवातीच्या टप्प्यातले 210 रुग्ण, 44 आठवडे, निकाल 2015चा. आजाराची गती बदलली नाही, मोठी चाचणी करू नका असं खुद्द संशोधकांनीच लिहिलं. एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींच्या आजारातली पायोग्लिटाझोनची चाचणीही निष्फळ म्हणून मध्येच बंद झाली. अंगण किती वेळा वाकडं म्हणायचं? दर अपयशानंतर ‘पोचलंच नाही’ हेच उत्तर असेल, तर कुठलंच लक्ष्य कधी नापास होणार नाही.

गणिती डोकं:
आरएक्सआरचं, म्हणजे याच कुळातल्या दुसऱ्या रिसेप्टरचं, उदाहरण घ्या, तिथे दोघांनाही थोडं थोडं पटेल. त्याला जागवणारं बेक्झारोटीन हे मूळचं त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचं औषध. 2012मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं की उंदरांना किलोमागे 100 मिग्रॅ दिल्यावर 72 तासांत अमायलॉइडच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) गाठींचं क्षेत्रफळ निम्म्याहून खाली गेलं. 2013मध्ये त्याच नियतकालिकात इतर गटांनी कळवलं की गाठी कमी होत नाहीत; विरघळणारं अमायलॉइड काहींना कमी दिसलं, इतकंच. भांडण बरंचसं फॉर्म्युलेशनवर, म्हणजे औषध कुठल्या रूपात दिलं यावर, होतं. औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मूळ प्रयोगात बारीक कणांचं सस्पेन्शन होतं, त्यामुळे डीएमएसओ या द्रावकात विरघळवून दिलं तर शोषण तेवढंच होतं का, हा वाद.

आता हिशेब. उंदराचा डोस माणसासाठी 12.3ने भागतात: 100 ÷ 12.3 म्हणजे किलोमागे साधारण 8.1 मिग्रॅ. 60 किलोच्या माणसाला 490च्या आसपास. अल्झायमरच्या 20 रुग्णांच्या चाचणीत दिले 300, म्हणजे 75च्या चार कॅप्सूल. कमीच, पण 0.8सारखी थट्टा नाही. मुख्य निकष साधला नाही, ट्रायग्लिसराइड मात्र चढलं.

लिगँड:
आणि निरोगी स्वयंसेवकांच्या पाठीच्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) ते औषध जेमतेम सापडलं. हेच तर म्हणतोय मी!

कडूकिराईत:
अर्धंच सांगितलंत. त्याच स्वयंसेवकांत अपो-ई, म्हणजे मेंदूत चरबी वाहणारं प्रथिन, साधारण 25 टक्के वाढलं होतं. म्हणजे रिसेप्टर थोडा तरी हलला. अमायलॉइडची ये-जा जागची हलली नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हे रिसेप्टर एकट्या मेंदूत नसतात. आरएक्सआर यकृतात एलएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करतो, ती चरबी बनवायला लावणारं एसआरईबीपी-1सी जागवते आणि ट्रायग्लिसराइड चढतं. पिट्युटरीत टीएसएचचं (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) जनुक दबतं. म्हणून बेक्झारोटीन घेणाऱ्या रुग्णाचा टीएसएच कमी दिसला की थायरॉइड जास्त चालतंय असं वाचू नये. फ्री टी4 (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक) बघावा, तो खाली असतो. चढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी जेमफिब्रोझिल द्यावं तर बेक्झारोटीनची रक्तातली पातळी आणखी वाढते. पीपीएआर-गॅमात अंगावर सूज, वजन, हाडं मोडणं. पंचाहत्तरीच्या माणसाला हे सगळं कशासाठी?

मधली सुट्टी:
मेंदूत पोचणारं काही नाहीच का? बाकी पायोग्लिटाझोन आपल्याकडे स्वस्त आहे म्हणून ‘आजीला विसरायला होतंय, सुरू करू का’ असं विचारणारे आहेत. हृदय कमकुवत असेल तर पाणी साठून दम लागतो. 2013मध्ये भारतात ते थोडे दिवस बंद होतं, परत आलं ते मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापूनच.

लिगँड:
आजीला नकोच, त्यावर दुमत नाही.

पोचणारं आहे: लेरिग्लिटाझोन, पायोग्लिटाझोनचाच चयापचयातला पदार्थ. अ‍ॅड्रेनोमायलोन्यूरोपथी या मज्जारज्जूच्या आनुवंशिक आजाराच्या 116 पुरुषांत 96 आठवडे दिलं, निकाल 2023मध्ये. सहा मिनिटांत किती चालता येतं, या मुख्य निकषावर हरलं. पण मेंदूतला आजार पेटण्याच्या घटना प्लासिबोच्या गटातच झाल्या, औषधाच्या गटात एकही नाही. (सूज आणि वजन होतंच, कबूल.) अल्झायमरमध्ये हेच नीट तपासायचं तर रक्तातलं अ‍ॅडिपोनेक्टिन दाखवून ‘लक्ष्य गाठलं’ म्हणू नका, ते चरबीच्या पेशींतून येतं. पाठीचं पाणी काढा. त्यातली औषधाची पातळी ईसी50च्या (निम्मा परिणाम दिसायला लागणारी मात्रा) वर सहा महिने टिकली आणि तरी काही झालं नाही, तर पीपीएआर-गॅमा नापास, मान्य करेन.

कडूकिराईत:
लेखी दिलंत, बरं झालं. फक्त तो ईसी50 मायक्रोग्लियातला (मेंदूतल्या संरक्षक पेशी) धरणार की यकृताच्या पेशीतला, तेही आत्ताच लिहा. निकाल आल्यावर नको.