बोनस आला, पण मोठी गाडी घ्यावीशीच वाटत नाही

सिडकोतला बाबा
वर्षभर ठरलेलं होतं, दिवाळीच्या बोनसमधून जुनी गाडी देऊन मोठी घ्यायची. शोरूमला दोनदा गेलो, दोन्ही वेळा बुकिंग न करता परत आलो.

कारण सांगतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी डोंगराची पायी फेरी लेकीला घेऊन केली. ती १२ वर्षांची. रविवारी रात्री त्र्यंबकहून निघालो. भुरभुर पाऊस, चिखल, बाजूला भाताची खाचरं, बेडकांचा नुसता कल्ला. मध्यरात्री तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं दोन्ही चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चालायला लागली. पुढे एका वाडीत एका मावशींनी कोरा चहा दिला. गारठलेली बोटं पेल्याभोवती धरून ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी आईला पण आणू."

दोन महिने होऊन गेले, तिच्या तोंडी अजून तोच चहा आहे. त्याआधी हौसेनं घेतलेल्या सहा खुर्च्यांच्या डायनिंग टेबलावर इस्त्रीचे कपडे असतात, आम्ही खाली बसून जेवतो. हप्ते मात्र मार्चपर्यंत चालू.

हे स्मशानवैराग्य तर नाही ना? आणि बायकोला कसं सांगू? तिला वाटेल मी शब्द फिरवला.

गंगाकाठची
अहो, तिला गाडी हवीये का, हे आधी विचारा की! घरात कुणाला दवाखान्यात न्यायची अडचण असेल तर ती चैन नव्हे, जरूर घ्या.

मी निवृत्तीनंतर पंचवटीतला वाडा सोडून दोन खोल्यांत आले. पितळी हंडे देऊन टाकताना रडले, खोटं कशाला सांगू. आता सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर चक्कर, दुपारी सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय. १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात असताना घरात कपाटं कशाला भरायची? पुस्तक परत द्यायचं असतं, म्हणून मनापासून वाचून होतं.

निफाडचा पक्षीवेडा
थंडीत पहाटे नांदूरमध्यमेश्वरला या लेकीला घेऊन. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या जिल्ह्यात आहे. पाणवनस्पतींवरून जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत चालतात, ते तिला दाखवा.

एक मात्र जपा. अनुभवाच्या नावाखालीही खरेदी सुरू होते. मी महागडा कॅमेरा घेतला आणि दोन हिवाळे फक्त स्क्रीन बघितली. शेवटी विकला. आता साधी दुर्बीण आहे, पक्षी दिसतात.

मानसशास्त्रवाली
व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच यांचा २००३ चा अभ्यास याच विषयावर आहे. वस्तूंवरच्या खर्चापेक्षा अनुभवांवरच्या खर्चानं जास्त आनंद झाला, असं बहुतेकांनी सांगितलं. वस्तूची सवय होते, शिवाय शेजाऱ्याच्या वस्तूशी तुलना होते. तुमच्या लेकीच्या चहाची तुलना कशाशी करणार? पण ज्या घरात फ्रिजच नाही, त्यांना हे सांगायला जाऊ नये. तिथे फ्रिज हेच मोठं सुख असतं.

सिडकोतला बाबा
गंगाकाठच्या ताई, काल विचारलं. ती म्हणाली, "मोठी गाडी मोठी गाडी तूच करत होतास. आहे ती चांगली चालतेय." तिच्या मनात वेगळंच होतं. तिच्या आईचे गुडघे गेल्यापासून वणीच्या गडावर जाणं बंद झालंय. आता फनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्या चढायला नकोत, पण नेणारं कुणी नव्हतं. गेली दोन वर्षं ती हे मला सांगायचं टाळत होती, कारण मी सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम करायचो. हप्त्यांसाठी.

रविवारी पहाटे पाचला निघतोय, आहे त्याच गाडीतून. लेकीनं आत्ताच विचारलं, टॉर्च घेऊ का.