घरातली बुरशी : तुमचे अनुभव

काल माळ्यावरची जुनी बॅग उघडली आणि तो कुबट वास आला, आधीचं भाड्याचं घर डोळ्यासमोर उभं राहिलं. तिथे धाकट्याला रात्रभर खोकला, दिवसा ठणठणीत, औषधं चालूच. एकदा कपाट सरकवलं तर मागे कमरेपर्यंत काळी-हिरवी बुरशी, मखमल अंथरल्यासारखी. बाहेरची भिंत गार, मागे वारा नाही, घरातली वाफ तिथेच पाणी होऊन बसायची. कपाट वीतभर पुढे घेतलं नि भिंत घासली, मग खोकला ओसरला. तुमच्याकडे काय काय झालं?

—

बाथरूमचं छत! आंघोळीनंतरही एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवतो, आता डाग नाहीत. फक्त आई मागून येऊन बटण बंद करते 😀

—

आमच्याकडे वरच्यांचा पाईप गळायचा आणि घरमालक दरवेळी रंगारी पाठवायचा, तो बिचारा डागावर रंग मारून जाणार, थोड्या दिवसांत पोपडे आणि आतून परत तेच, शेवटी पाईप बदलला तेव्हा थांबलं. टाइल, काच पुसता येते हो, पण जिप्समचं सीलिंग आतपर्यंत पाणी पितं, ते कापूनच टाकलं.

—

काळी म्हणजे विषारी ना? शेजारी म्हणतात टेस्ट करून घ्या.

—

रंगावरून काही कळत नाही. दिसतेय ना, मग टेस्ट कशाला, काढायचीच. मला दमा आहे म्हणून हे काम नवऱ्याकडे, एन-९५ लावून. कोरड्या झाडूने झाडू नका, घरभर उडते. आणि मेलेली बुरशीपण त्रास देते, त्यामुळे नुसतं ब्लीच फवारून सोडू नका, पुसून काढा. साधारण १० चौरस फुटांच्या वर पसरली असेल तर सरळ माणूस बोलवा.

—

ब्लीचमध्ये व्हिनेगर अजिबात नको!! क्लोरीन वायू होतो.

—

पांढरं पांढरं असेल तर आधी पाण्याचा थेंब टाकून बघा. विरघळलं तर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, बुरशी नाही. ओल मात्र आहेच.

—

बाबांची केमो चालू असताना डॉक्टरांनी पहिलं विचारलं, घरात ओल आहे का? प्रतिकारशक्ती कमी असली की हीच बुरशी फुप्फुसात जाऊन बसू शकते म्हणाले. त्याच दिवशी खोली बदलली.

—

अगं बाई. आता कसे आहेत बाबा?

—

मस्त! आत्ता टीव्हीसमोर भांडतायत.

—

फ्लेमिंगला १९२८ साली बशीत बुरशी दिसली तर पेनिसिलिन, मला दिसली तर बायकोची बोलणी 😂

—

वॉशिंग मशीनचं पाणी गालिच्याखाली गेलंय, काय करू?

—

आत्ताच्या आत्ता उचल आणि फॅन लाव! २४ ते ४८ तासांत वाळलं तर बहुतेक वाचतं. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेव.

—

उचलला. बाप रे, काय जड झालाय. चामड्याच्या बुटांवरची कशाने जाते कुणी सांगेल का?