मदत हवी आहे: ग्लासगोत दुकानात आयडी मागितला म्हणून शिवीगाळ, धमकी. पोलिसात जावं का?

नमस्कार मंडळी, स्कॉटलंडमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा. मी ग्लासगोत मास्टर्स करतोय आणि संध्याकाळी एका छोट्या दुकानात टिलवर असतो. परवा रात्री दहाच्या आधी (दहानंतर इथे दुकानात दारू विकता येत नाही) एक पोरगा सायडरच्या बाटल्या घेऊन आला, दिसायला जेमतेम सतरा-अठराचा. आयडी मागितला, नव्हता, मग मी बाटल्या उचलून काउंटरखाली ठेवल्या. समोरचा पंचविशीच्या आतला वाटला की आयडी बघायचाच असा इथे नियम आहे, आणि १८ च्या खालच्याला दारू विकली तर केस विकणाऱ्यावर होते, म्हणजे मी दुसरं काय करणार होतो? त्याने कार्ड मशीन ओढून आपटलं, आईवरून शिव्या, तुझ्या देशात जा वगैरे, आणि जाताना म्हणाला शिफ्ट कधी संपते बघतो, बाहेर भेट. अंगाला हात लावला नाही. मॅनेजर म्हणतो रोजचंच आहे, सोडून दे. पण रात्री दुकान बंद करून बस स्टॉपपर्यंत एकट्याने चालत जायचं तर पोटात गोळा येतो हो.

दुकानात काम करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी इथे २०२१ चा कायदा आहे असं ऐकलंय. नुसती शिवीगाळ त्यात बसते का, पार्टटायमरला लागू आहे का, मॅनेजर नको म्हणत असताना मी स्वतः जाऊ शकतो का आणि व्हिसाला काही होईल का?

अबर्डीनकर:
बसते, नक्की बसते. हा कायदा फक्त मारहाणीचा नाहीये, दुकानात काम करणाऱ्याला धमकावणं आणि शिवीगाळ करणं हाही त्यात गुन्हा आहे, फक्त ते वागणं कुणाही समंजस माणसाला भीती वाटावी असं हवं, आणि 'बाहेर भेट' म्हणजे दुसरं काय! डॅनियल जॉन्सन नावाच्या आमदाराने विधेयक आणलं होतं, जानेवारी २०२१ मध्ये एकमताने पास झालं, २४ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहे. शिक्षा जास्तीत जास्त १२ महिने कैद किंवा १०,००० पौंड दंड किंवा दोन्ही. आणि तुझ्या केसमध्ये महत्त्वाचं म्हणजे वयाची अट पाळताना, म्हणजे आयडी मागताना किंवा माल नाकारताना हे झालं तर गुन्हा जास्त गंभीर धरतात, शिक्षा देताना कोर्टाला ते विचारात घ्यावंच लागतं. देशावरून बोलला तेही पोलिसांना सांग, वांशिक द्वेषाचा मुद्दा वेगळा लागतो. पार्टटाइम, फुलटाइम काही फरक नाही, पगार न घेता काम करणाराही यात येतो.

मीनल_जी:
अरे मॅनेजरची परवानगी कशाला, तक्रार तुझी आहे. १०१ ला (पोलिसांचा तातडी नसतानाचा नंबर) फोन कर, तो परत दारात दिसला तर सरळ ९९९ (इमर्जन्सी). पण आधी सीसीटीव्ही सेव्ह करून घे, आजच, कारण बऱ्याच दुकानांत जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. स्कॉटलंडमध्ये एकट्याच्या शब्दावर सहसा केस उभी राहत नाही, दुसरा पुरावा लागतो, म्हणून फुटेज किंवा त्या वेळी दुकानात असलेलं गिऱ्हाईक फार महत्त्वाचं. विक्री नाकारली की नोंद करतात ती रिफ्युजल वही आहे ना तुमच्याकडे? त्यात वेळ, वर्णन, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही. तक्रार केली म्हणून व्हिसाला काही होत नाही, टर्ममध्ये आठवड्याचे २० तास पाळतोयस ना, मग झालं. आणि जमलं तर अस्डॉ युनियनची मेंबरशिप घे, या कायद्यासाठी ते कितीतरी वर्षं भांडलेत. रोजचंच आहे म्हणणाऱ्या मॅनेजरचा मला खरंच राग आला, रात्री एकट्या पोराला दुकान बंद करायला लावतातच कसे?

धागाकर्ता:
अबर्डीनकर दादा, मीनल ताई, खूप खूप धन्यवाद. वहीत लिहिलं, फुटेज मागितलंय, मालक सोमवारी देतो म्हणाला. १०१ आत्ताच लावतोय. स्टेटमेंट द्यायला जाताना गोव्हनहिलच्या आसपासचं कोणी सोबत येऊ शकेल का? असेल तर मेसेज टाका प्लीज.