मदत हवी आहे: बहीण बाळंतपणाला माहेरी येतेय आणि घरातले दिवसाचे डास हटत नाहीत

नमस्कार. आम्ही पुण्यात, कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. धाकट्या बहिणीला सहावा लागलाय आणि ती पुढच्या शनिवारी माहेरी येतेय. पहिलं बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. घर आवरून झालं, खोली तयार आहे, पण डासांपुढे हात टेकायची वेळ आलीय.

संध्याकाळी दारं-खिडक्या लावतो, जाळ्या बसवल्यात, लिक्विडचं मशीन रात्रभर चालू असतं. त्यामुळे रात्रीचे डास बरेच कमी झाले. पण सकाळी सात-साडेसातला आणि दुपारी चारनंतर टेबलाखाली पाय ठेवले की घोट्याला चावतात. काळे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. हे डेंगीवालेच ना?

घाबरण्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना डेंगी झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि त्याच दिवशी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जपायचे असतात, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. डेंगीचे चार प्रकार असतात आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो, म्हणून बाबांची काळजी आहेच. त्यात झिका, तोही याच डासांनी पसरणारा आजार. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला तेव्हा ते लांबचं वाटलं होतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातच रुग्ण निघाले, त्यात गरोदर बायकाही होत्या. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते हे वाचल्यापासून माझं लक्ष दुसऱ्या कशात लागत नाही.

पिंप नाही, कूलर नाही, कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. आई मनी प्लांटच्या बाटल्यांचं पाणी दर रविवारी बदलते. धुराची गाडी दोनदा येऊन गेली, चार दिवस बरे गेले की परत तेच. पाणी नक्की कुठे राहतंय, कसं शोधू? आणि गरोदर बाईने अंगाला डासांचं मलम लावलं तर चालतं का?

प्रतिसाद १

ताई, मी कीटक समाहारक म्हणून नोकरी केली, घरोघरी अळ्या शोधण्यातच वर्षं गेली. वर्णनावरून हा एडिसच, म्हणजे डेंगी आणि झिका पसरवणारा डास. धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. आपल्याकडच्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि पाण्यात अर्धवट वाढलेल्या अळ्या आधीच असतात, म्हणून तुम्हाला चारच दिवस बरे जातात.

हा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच असतो. म्हणजे पाणी तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी आहे. सकाळी टॉर्च आणि एक पांढरी वाटी घेऊन निघा. पाण्यावर उजेड पाडला की अळ्या वळवळत तळाशी जातात, वाटीत काढल्या की स्पष्ट दिसतात. फ्रिजच्या मागची ताटली, न वापरत्या संडासाची फ्लशची टाकी, गच्चीवरच्या टाकीचं फुटकं झाकण, एसीच्या पाइपाखालची बादली, ताडपत्रीचे खोलगट भाग, हे सगळं बघा. चमचाभर पाणीसुद्धा पुरतं.

आणि बाटल्यांचं. एडिस अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासणीने खसखसून घासायला हवं. आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवायचा ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतात तो यासाठीच.

प्रतिसाद २

मलमाबद्दल: मला दोन्ही गरोदरपणांत डॉक्टरांनी डीट किंवा पिकारिडिन असलेलं, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे, उघड्या अंगावरच लावायला सांगितलं होतं. बहिणीच्या डॉक्टरांना नाव दाखवून घ्या. बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या अंगाला मात्र काही लावू नका. पाळण्याला मच्छरदाणी, तीही दिवसा झोपेल तेव्हासुद्धा. जावईबापूंनाही सांगून ठेवा, झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. आणि ताप आलाच तर मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. लगेच तपासणी करा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी बाबा आणि मी टॉर्च घेऊन फिरलो.

फ्रिजमागच्या ताटलीत अळ्या होत्या, ती काढता येते हेच आम्हाला माहीत नव्हतं. आईच्या तीन बाटल्यांपैकी दोनमध्ये निघाल्या. ती पाणी बदलते म्हणजे वरून भरते, बाटली आतून कधी घासलेलीच नाही. आईला फार वाईट वाटलं. रोपं आता मातीत लावली.

पण खरा साठा गच्चीवर निघाला. कपडे वाळवायच्या दोऱ्यांसाठी लोखंडी पाइप उभे केलेत, त्यांची तोंडं वरून उघडी, आत पावसाचं पाणी. वाटी जाईना म्हणून बाबांनी रबरी नळी घालून पाणी ओढून काढलं. अकरापैकी सात पाइपांत अळ्या. वाळू भरून वरून सिमेंट लावायला उद्या गवंडी येतोय.

आता राहिलं शेजारचं बांधकाम. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी आहे, ठेकेदार आज-उद्या करतोय आणि तिथल्या कामगारांची लहान मुलं त्याच खड्ड्याशेजारी झोपतात. आधी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार देऊ, की आमची सोसायटी आणि ठेकेदार मिळून पंप लावून पाणी उपसावं? असं कुणी केलं असेल तर कृपया सांगा. शनिवारपर्यंत पाच दिवस आहेत.