आपल्या अंतराळ स्थानकाचं पुरुमेंत कोण भरणार?

म्हापशेकार
मे महिना लागला की आमच्या म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, झुंबड. सुकी मासळी, मिरच्या, सोलं. पाऊस सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

२०३५ पर्यंत भारताचं अंतरिक्ष स्थानक उभं करायचं ठरलंय. गप्पा सगळ्या अंतराळवीरांच्या. माझं मत : त्याआधी माणसाशिवाय जाणारं मालयान आपलं स्वतःचं हवं. रशियाचं प्रोग्रेस १९७८ पासून हे काम करतंय, तेव्हा सॅल्यूत-६ हे सोव्हिएत स्थानक होतं. ते नुसती शिधासामग्री नेत नाही, इंधनही भरतं. शिवाय ४०० किलोमीटरवरही विरळ हवा स्थानकाला हळूहळू खाली ओढते, तेव्हा स्वतःची इंजिनं पेटवून त्याला वर ढकलतं.

साष्टीकर
बाब, पुरुमेंत ठीक, पण सामान उतरवल्यावर टेम्पो जाळतो का आपण? प्रोग्रेस आणि अमेरिकी मालयान सिग्नस परतताना हवेत जळूनच संपतात. दर फेरीला नवं यान! शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अमेरिकी ड्रॅगनमधूनच गेले ना? मग माल भाड्याने पाठवायला कसली लाज? पैसा स्थानकावरच्या प्रयोगांना लावा.

म्हापशेकार
जळताना ते स्थानकातला कचरा पोटात घेऊन जळतं. वर साळगावचा कचरा प्रकल्प नाही.

सड्यावरची
मी वास्कोची, आमच्या सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या आपल्या तळांच्या मोहिमा तिथूनच आखल्या जातात. जहाज लागतं, ते भाड्याचं असलं तरी मोहीम आपलीच असते. तेव्हा भाड्याला मी नाक मुरडणार नाही.

पण भाऊ, जहाज बर्फात अडकलं तर थांबता येतं. यान स्थानकाला जोडताना चूक झाली तर? २५ जून १९९७ ला प्रोग्रेस दुरून हाताने जोडायची चाचणी चालू असताना ते मीर या रशियन स्थानकावर आदळलं. स्पेक्त्र या भागाची हवा गेली, तो दार लावून कायमचा बंद ठेवावा लागला. वीजही कमी पडली. आपण १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह जोडले, ते प्रत्येकी सुमारे २२० किलोचे. आता काही टनांचं यान, आणि पलीकडे माणसं.

साष्टीकर
बघा, म्हणूनच म्हणतो, ज्यांना सवय आहे त्यांच्याकडून घ्या.

म्हापशेकार
सवयीच्यांचंही ऐका. २८ ऑक्टोबर २०१४ ला सिग्नस नेणारं अँटारेस रॉकेट फुटलं, २८ एप्रिल २०१५ ला निघालेलं प्रोग्रेस हातचं गेलं, २८ जूनला ड्रॅगन. आठ महिन्यांत तीन वेगवेगळी यानं. (२८ तारखेला कुणी वाण्याकडे जाऊ नये!) तरी वर कुणी उपाशी राहिलं नाही, कारण साठा आधीच होता आणि पुरवणारे अनेक. आपण एकाच परक्या दुकानावर उधारी लावायची?

साष्टीकर
उधारीचा मुद्दा मान्य. पण मग जळणारं कशाला, परत येणारं करा. गगनयानची कुपी समुद्रात उतरणारच आहे. ड्रॅगन प्रयोगांचे नमुने परत आणतं, प्रोग्रेसला ते जमत नाही.

म्हापशेकार
परत यायचं तर उष्णतारोधक कवच हवं, पॅराशूट हवेत. तेवढ्या वजनाची तांदळाची पोती खाली राहिली.