ख्रिस्ती कॉलेजात केमिस्ट्री: प्रॅक्टिकलचे अनुभव इथे लिहा

एफवायला केमिस्ट्री घेऊन येणाऱ्या मुलांसाठी हा धागा. चौपाटीसमोरचं विल्सन (मूळ १८३२, स्कॉटिश मिशनऱ्यांचं) असो की धोबीतलावचं झेवियर्स (१८६९, जेझुइटांचं), मुलं नाव ऐकून येतात आणि मार्क ब्युरेटपाशी (थेंबाथेंबाने द्रावण सोडायची खुणांची काचनळी) जातात. ज्यात तुमचा हात बसलाय असं एकेक प्रॅक्टिकल लिहा. मापं, चुका, कारणं. आठवणी नकोत.

चर्नीरोडकर
आधी प्रवेशाचं. अल्पसंख्याक संस्थांत ख्रिस्ती मुलांच्या राखीव जागांची यादी वेगळी लागते, आपली यादी कुठली ते बघा. झेवियर्सला २०१० पासून स्वायत्तता आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि पेपर कॉलेजचेच. विद्यापीठाचे जुने पेपर सोडवण्यात दिवस घालवू नका, कॉलेजच्या मागच्या परीक्षांचे मिळवा.

जांभळा थेंब
ऑक्झॅलिक ॲसिड आणि परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे फ्लास्कमधलं ऑक्झॅलिक संपेपर्यंत ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट सोडून किती लागलं ते मोजणं. ०.१ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) ऑक्झॅलिक हवं तर २५० मिलीला १.५७५ ग्रॅम (दोन पाणी असलेलं स्फटिक, सममूल्यभार ६३). ॲसिड सल्फ्युरिकच, तेही पातळ. एचसीएल घातलं तर परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर, त्यामुळे रीडिंग घटतं.

फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, ऑक्झॅलिक फुटतं. पहिले दोन-तीन थेंब रंग सोडायला वेळ लावतात. तिथे घाबरून आणखी ओतू नका, फक्त फिरवत राहा. थोडं मँगनीज(टू) तयार झालं की तेच उत्प्रेरक होतं आणि पुढचे थेंब पडताक्षणी नाहीसे होतात. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलंय, ते रीडिंग सोडून द्या. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटवर वरची कडा वाचायची. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा, नाहीतर एक थेंब हमखास जास्त पडतो.

मुंबईची हवा
सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे पावसाळ्यात वॉचग्लासवरच ओले होतात, तराजूचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. म्हणून त्याचं वजन खरं धरू नका. अंदाजे वजन घेऊन द्रावण करा आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट किंवा ऑक्झॅलिकने स्टँडर्डाइज करा, म्हणजे टायट्रेशन करून खरी तीव्रता काढा. पाण्याइतकाच हवेतला कार्बन डायऑक्साइडही तो खेचतो, त्यामुळे बाटलीला रबरी बूच लावा. काचेचं बूच चिकटून बसतं.

स्पॉटिंगवाली
ऑरगॅनिक स्पॉटिंगमध्ये (दिलेला अनोळखी सेंद्रिय पदार्थ ओळखणं) सगळ्यात जास्त मुलं फसतात ती बेंझोइक ॲसिड आणि बीटा-नॅफ्थॉलच्या जोडीत. दोघांचा वितळबिंदू १२२च्या आसपास. वितळबिंदू जुळला की नाव लिहून मोकळं व्हायची घाई होते, ती करू नका. ताज्या सोडियम बायकार्बोनेटमध्ये चिमूटभर टाका: बेंझोइकच्या कणांवर बारीक बुडबुडे येतात, नॅफ्थॉलवर येत नाहीत. मग डाय (रंगाची) टेस्ट. ॲनिलिनचे दोन-तीन थेंब पातळ एचसीएलमध्ये, बर्फात ०ते ५ अंशांवर. त्यात थंड सोडियम नायट्राइट, आणि हे सगळं नमुन्याच्या सोडियम हायड्रॉक्साइडमधल्या द्रावणात. नॅफ्थॉल असेल तर लालसर नारिंगी रंग. बर्फ संपत आला की ॲनिलिन-नायट्राइटपासून झालेलं डायझोनियम मोडून नायट्रोजन सुटतो आणि फिनॉल उरतं, मग रंग मळका येतो. निम्मे निकाल बर्फामुळे चुकतात, म्हणून आधी बर्फ, मग नायट्राइट.

फनेल गरम ठेवा
रीक्रिस्टलायझेशनबद्दल, म्हणजे पदार्थ गरम पाण्यात विरघळवून, गाळून, निववून पुन्हा शुद्ध स्फटिक काढणं. बेंझोइक ॲसिड २५ अंशांना लिटरला साधारण ३.४ ग्रॅम विरघळतं, ९५ला सुमारे ६८. म्हणजे २ ग्रॅमला ३० मिली उकळतं पाणी जेमतेम पुरतं, ४० घ्या. १०० मिली घेतलं की निवल्यावर गाळून जाणाऱ्या पाण्यातच ०.३४ ग्रॅम निघून जातं आणि यील्ड (हाती येणारे स्फटिक) घटतं. घडीचा फिल्टर पेपर आणि तापवलेलं फनेल वापरा, नाहीतर स्फटिक देठातच जमतात. बीकर लगेच बर्फात घालू नका: भुगा येतो, त्यात मळही अडकतो. टेबलावर निवू द्या. काहीच दिसेना तर काचकांडीने आतली भिंत ओरखडा, सुया तिथूनच सुटायला लागतात.