मालवणी महोत्सव, ठाणे: चौघांनी खायचं कसं?

प्रश्न: शनिवारी वाशीहून ठाण्याला येतोय. चौघं आहोत. सगळं चाखायचंय, पण दुसऱ्याच स्टॉलवर पोट भरतं. काय करावं?

उत्तर १: सात वाजायच्या आत पोहोचा, आठनंतर नुसती रेटारेटी. गाडी नकोच, ट्रान्स-हार्बर लोकल थेट ठाण्याला येते. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. मग एका वेळी एकच प्लेट, चौघांत. वडे शेवटी; कोंबडी-वड्यांनी सुरुवात केलीत की संपलंच!

उत्तर २: बोंबील तव्यावरून उतरताना घ्या. त्यात पाणी फार, त्यामुळे रव्याचं आवरण पाच मिनिटांत मऊ पडतं. थाळ्यात रचून ठेवलेले घेऊ नका. सोलकढी आल्याआल्याच प्या. नारळाचं दूध उकाड्यात आंबतं. आंबूस वास आला तर सोडून द्या. (गुलाबी रंगावर भुलू नका.)

उत्तर ३: गर्दीत नेटवर्क जातं, ५०-१००च्या नोटा ठेवा. सोडे, सुकट निघतानाच घ्या. सुकट बोटांत कुडकुडीत मोडली पाहिजे. लवचीक असेल तर ओल आहे, बुरशी येईल. घरून झाकणाचा डबा आणा, नाहीतर लोकलमध्ये अख्खा डबा तुमच्याकडे बघेल.

प्रश्नकर्ता: दोन डबे आणतो!